हजेरीत त्याचं नाव घ्या

मॅडम,

माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहेत. बेळगाव, फिरोजपूर आणि झाशी अशा तीन ठिकाणी आम्ही त्यांच्यासोबत क्वार्टरमध्ये राहिलो. मुलगा १२ वर्षांचा आहे, पहिलीपासून केंद्रीय विद्यालयातच शिकला. मे महिन्यात मिस्टरांची बदली फील्डला झाली. तिथे फॅमिली नेता येत नाही, म्हणून मी मुलाला घेऊन कराड तालुक्यातल्या आमच्या गावी सासू-सासऱ्यांकडे आले. जूनमध्ये त्याला गावच्या हायस्कुलात सातवीत घातलं. वाटलं, आता कुठे आपल्या माणसांत आलो, पोरगं रमेल. झालंय उलटंच. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण लिहायला बसला की हिंदी येतं. मुलं 'भैया' म्हणून चिडवतात. रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो. झाशीहून आणलेली ट्रंक अजून उघडू देत नाही. त्यात एप्रिलमध्ये घेतलेली सातवीची पुस्तकं आहेत, कव्हरं घातलेली. इथे ती चालत नाहीत, कुणाला तरी देऊन टाकू म्हटलं तर अंगावर धावून आला. शाळेच्या पोर्टलवर त्याचं नाव अजून आलेलं नाही, त्यामुळे हजेरीपटावरही नाही. मामंजी स्वतः रिटायर्ड नायक आहेत. ते म्हणतात, फौजीचं पोरगं असून रडतो काय. मिस्टरांचा फोन आला की हा 'हां, ठीक आहे' म्हणून फोन माझ्याकडे देतो. त्याला पुण्याला नेऊन परत केंद्रीय विद्यालयात घालू का? दीर म्हणतात, सैनिक स्कूलच्या परीक्षेला बसव, सरळ होईल. मला काही सुचत नाही.

एक आई, कराड तालुका

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडले. पोर्टलवर नाव आलेलं नाही, त्यामुळे हजेरीपटावरही नाही. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, कागदपत्रांची एक कटकट म्हणून. आता तेच जरा तुमच्या मुलाच्या बाकावर बसून ऐका. प्रार्थना होते, मुलं वर्गात येतात, सर पट उघडतात. एकेकाचं नाव, एकेकाचं 'हजर सर'. शेवटचं नाव होतं, पट मिटतो, फळ्यावर तारीख पडते. तुमचा मुलगा वर्गात बसलेला असतो आणि त्याला कुणी हाक मारलेली नसते. जूनच्या मध्यापासून आता ऑगस्ट उजाडला, रोज हेच. सकाळी त्याच्या पोटात दुखतं याचं मला नवल वाटत नाही.

तेव्हा पहिलं काम हे, आणि ते उद्याच करायचं. वर्गशिक्षकांना भेटा आणि एवढंच मागा: पोर्टलचं व्हायचं तेव्हा होईल, तोवर पटाच्या शेवटी माझ्या मुलाचं नाव पेन्सिलनं लिहा आणि रोज हाक मारा. मी २२ वर्षं छावण्यांमधल्या शाळांत शिकवलं. एप्रिल ते जुलै दर आठवड्याला कुणी नवं यायचं, कुणी जुनं जायचं. माझ्या पटात त्या दिवसांत पेन्सिलीतली दोन-चार नावं कायम असायची. तुमचे सर नाही म्हणतील असं मला वाटत नाही. नाव नसलेल्या मुलाला ते रोज कसं ऐकू येतं, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नसेल, इतकंच.

कागदांचंही सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, ज्याला आपण आरटीई म्हणतो, त्याचं कलम ५ तुमच्यासारख्या बदलीवाल्यांच्या फार उपयोगाचं आहे. मूल कुठल्याही कारणानं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जात असेल, अगदी राज्याबाहेर, तरी जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही की लांबवता येत नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलांना आठवीपर्यंत, सरकारी आणि अनुदानित शाळांत हा हक्क आहे. गावचं हायस्कूल अनुदानित असेल तर तुमचा मुलगा यात बसतो. पोर्टलचं म्हणाल तर यू-डायस प्लस या शाळांच्या देशभरच्या सरकारी पोर्टलवर प्रत्येक मुलाचा एक कायमचा क्रमांक असतो, त्याला 'पेन' म्हणतात. जुन्या शाळेनं मुलाला तिथून मोकळं केलं की नवी शाळा तो क्रमांक टाकून त्याला आपल्याकडे घेते. घोडं बहुतेक वेळा या मोकळं करण्यावरच अडतं. तेव्हा झाशीच्या शाळेच्या ऑफिसात फोन करून पेन क्रमांक घ्या आणि पोर्टलवर मुलाला सोडलंय का, एवढंच विचारा. फोनवर दाद लागली नाही तर मिस्टरांना सांगून युनिटच्या ऑफिसातून एक पत्र जाऊ द्या. आणि दाखला, आधार, पार्ट टू ऑर्डर (म्हणजे युनिटच्या दप्तरातली कुटुंबाची नोंद) या तिन्हींवर मुलाचं नाव नि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का, हेही एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. एका वेलांटीपायी महिने गेलेले मी पाहिलेत.

आता दुखण्याकडे येते.

आपल्या माणसांत आलो, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्यासाठी ते खरंच आहे. ही वाट, ही विहीर, ही भाषा तुमची आहे. तुमच्या मुलासाठी मात्र हे गाव म्हणजे चौथी पोस्टिंग आहे, आणि चारांतली सगळ्यात अवघड. बेळगाव, फिरोजपूर, झाशी, तिन्हीकडे तो नवाच होता, पण तिथे नवं असण्यात काही विशेष नव्हतं. १९६२ साली केंद्रीय विद्यालयांची योजना मंजूर झाली तीच मुळी बदलीच्या नोकरीतल्या लोकांच्या मुलांसाठी, आणि सुरुवातीला ज्या २० शाळा ताब्यात घेतल्या त्या पलटणींच्या शाळा होत्या. गाव बदललं तरी पुस्तकं तीच, गणवेश तोच, सकाळची प्रार्थना तीच. शेजारी बसलेला मुलगाही दोन वर्षांपूर्वी कुठून तरी आलेलाच. 'तू कुठून आलास?' या प्रश्नानं तिथे मैत्री सुरू होते. संध्याकाळी क्वार्टरांमधली सगळी पोरं मैदानात उतरली की ओळख करून द्यायला कुणी मोठं माणूस लागत नाही.

गावच्या वर्गातली मुलं अंगणवाडीपासून एकत्र आहेत. कोण कुणाचा चुलतभाऊ, कुणाची म्हैस व्याली, कोण लहानपणी यात्रेत हरवला होता, सगळं सगळ्यांना ठाऊक. तू कुठून आलास असं विचारायची त्यांना सवयच नाही, कारण त्यांच्या वर्गात कुणी कुठून येत नाही. तुमच्या मुलाला वाटतं, ही पोरं आपल्याला टाळतात. मला वाटतं, त्यातल्या बऱ्याच जणांना सुरुवात कशी करायची हेच माहीत नसेल.

शिवाय घरातला प्रत्येक जण त्याला सांगत असणार की हे तुझंच गाव आहे. झाशीत परकं वाटलं तर तसं म्हणायची सोय होती. इथे तीही राहिली नाही. आपल्याच गावात, आपल्याच घरात परकं वाटतंय, हे १२ वर्षांचं पोरगं कुणाला सांगणार? म्हणून ते त्याच्या वतीनं तुम्ही म्हणा. रात्री अंथरुणं घालताना, त्याच्याकडे फारसं न बघता: "हे गाव पप्पांचं आहे, आजी-आजोबांचं आहे. तुझं अजून व्हायचंय. वेळ लागला तरी चालेल." तो काही उत्तर देणार नाही. द्यायलाही नको.

भाषेचं जरा सविस्तर सांगते, कारण त्याच्या गप्प बसण्याचं मोठं कारण मला तिथे दिसतं.

देवनागरी त्याला येते, त्यामुळे मराठीचा धडा तो घडाघडा वाचून दाखवत असेल. शिक्षकांना वाटतं, येतंय की याला. पण शब्द ओळखीचा आणि अर्थ भलताच, असं त्याचं रोज होत असणार. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. सर म्हणाले, "चेष्टा करू नकोस," तर शाळेत सहा वर्षं हिंदीत वाढलेल्या मुलानं काय समजायचं? 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, मराठीत छडी. 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून तो 'माझी पुस्तक' म्हणतो आणि वर्ग हसतो. हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन. तिसरं कुठे वापरायचं हे आपण आईच्या मांडीवर शिकतो, नियमानं नाही. तुमचा मुलगा चुकतो तेव्हा हिंदीच्या नियमानं अगदी बरोबर चालत असतो. हे त्याला सांगा. आपण ढ नाही, आपण दोन भाषांच्या मधे उभे आहोत, हे कळलं की मूल ताठ बसतं.

देवळालीला माझ्या वर्गात एक मुलगा होता, उलट प्रवासाचा. सांगलीकडून आलेला, मराठी फर्डं, हिंदी कच्चं. 'चेष्टा करो' म्हटलं की तो बावरायचा, आपण काय चेष्टा केली म्हणून. मी त्याला एक शंभर पानी वही दिली आणि म्हटलं, असले दोन तोंडांचे शब्द सापडतील ते लिहून ठेव, डावीकडे हिंदी अर्थ, उजवीकडे मराठी. महिन्याभरात त्याच्याकडे तीसेक शब्द जमले. मग मी शनिवारी शेवटच्या तासाला त्याला पाच शब्द वाचून दाखवायला लावायला लागले. बाकीच्या मुलांनी अर्थ ओळखायचा. वर्ग हसायचा तेव्हाही, पण शब्दाला. तुमच्या मुलाला अशी वही आणून द्या आणि ती मराठीच्या शिक्षकांना दाखवा. पुढचं ते बघतील.

'भैया'चं शिक्षकांच्या कानावर घालाच. एका मुलाला चिडवायला एका अख्ख्या मुलखातल्या माणसांचं संबोधन वापरायचं, हे वर्गात खपवून घ्यायचं नसतं. मात्र ते मुलाचं नाव न घेता, सगळ्या वर्गाला सांगायला हवं. याच्या आईनं तक्रार केली असं झालं तर चिडवणं वर्गातून निघून रस्त्यावर जातं.

आणखी एक, चौथीचं पुस्तक. त्याच्या वर्गातल्या प्रत्येकानं चौथीत परिसर अभ्यासाचा दुसरा भाग, म्हणजे शिवछत्रपतींचं पुस्तक शिकलेलं आहे. प्रतापगड, पन्हाळा, आग्रा त्यांच्या तोंडावर आहे. सातवीच्या इतिहासात महाराज आणि मराठ्यांचा काळ पुन्हा येतो तो याच भांडवलावर. तुमच्या मुलाजवळ ते नाही, कारण चौथीत तो दुसऱ्या राज्यातल्या शाळेत दुसरीच पुस्तकं वाचत होता. आणि बघा, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही पलटणीची घोषणा वर्गात त्याच्याइतकी जवळून कुणी ऐकली असेल? घोषणा त्याच्याकडे आहे, गोष्ट राहून गेलीय. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, नाहीतर गावात कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर ते पुस्तक सापडेलच. रात्री जेवणं झाली की आजोबांनी नातवाबरोबर रोज एक धडा वाचावा. हे काम मामंजींनाच सांगा.

मामंजींबद्दल मला आदरानंच बोलायचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीपासून ते आमच्या कोल्हापूरकडच्या सैनिक टाकळीपर्यंत ज्या गावांनी घराघरांतून मुलं दिली, तिथल्या म्हाताऱ्यांनी असंच ओठ दाबून दिवस काढलेत. 'रडतो काय' हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं असणार. पण त्यांना एक सांगा, हवं तर मी लिहिलंय म्हणून सांगा: शपथ याच्या वडिलांनी घेतली आहे, यानं घेतलेली नाही. फौजीच्या मुलाला फौजी असल्यासारखं वागवलं की ते रडायचं थांबत नाही, फक्त कुठे रडायचं ती जागा बदलतं. तुमच्याकडे ती जागा सकाळचं पोट आहे. त्यापेक्षा मामंजींनी एक दिवस स्वतःची गोष्ट सांगावी. पहिल्यांदा पलटणीत गेले तेव्हा भाषा कळत नव्हती ती, मेसमधली पोळी घशाखाली उतरत नव्हती ती. त्या गोष्टीचा जेवढा आधार होईल तेवढा दुसऱ्या कशाचा होणार नाही.

आणि टीव्ही. संध्याकाळी घरात बातम्या लागत असतील, सीमेवरच्या, मोठ्या आवाजात, तर मुलगा घरात असताना त्या बंद ठेवा. वडील नेमके कुठे आहेत हे त्याला माहीत नाही, माहीत असायचंही नाही. म्हणून टीव्हीवर जे जे ठिकाण येतं ते ते त्याच्यासाठी वडिलांचं ठिकाण होतं.

यातूनच फोनवरच्या त्या 'हां, ठीक आहे'कडे येते. मे महिन्यात एकाच आठवड्यात त्याची शाळा गेली, मित्र गेले, आणि वडीलही गेले. तुम्ही सगळे शाळेबद्दल बोलताय कारण तो शाळेबद्दल तक्रार करतोय. पण शाळा वाईट आहे असं घरात म्हणता येतं. पप्पा गेले ते मला आवडलं नाही, असं म्हणता येत नाही. म्हटलं तर आईला रडू येईल आणि आजोबा रागावतील, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून सगळा राग शाळेच्या दारात येऊन पडतो. शाळेचं सगळं सुरळीत झालं तरी यातला काही भाग उरेल, तेव्हा घाबरू नका.

मिस्टरांना सांगा, 'अभ्यास केलास का' हा प्रश्न महिनाभर सुट्टीवर पाठवा. फोनवर पाच मिनिटं मिळतात, त्यात मुलाला उत्तर देता येईल असं काहीतरी विचारावं. आज डब्यात काय होतं, बाकावर शेजारी कोण बसतं, त्याची सायकल कुठल्या रंगाची. आणि एक गोष्ट स्वतः सांगावी, छोटी, तिथली: आज बर्फ पडला, लंगरमध्ये खीर होती, एक कुत्रं आमच्या मागे मागे फिरतं. फोनवर बोलताना मुलाला तुम्हा सगळ्यांच्या मधे उभं करू नका. फोन घेऊन त्याला ओसरीवर जाऊ द्या.

त्याहून चांगलं म्हणजे पत्र. फौजी घराला पत्राचं कौतुक सांगायला नको. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, आणि खाली 'द्वारा ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस, जे असेल ते. आठवड्याला एक अंतर्देशीय पत्र त्यानं वडिलांना मराठीत लिहावं. वडिलांनी ते जपून ठेवावं आणि त्यातलं एकही वाक्य दुरुस्त करू नये. 'माझी पुस्तक' असं आलं तर तसंच राहू द्यावं, फक्त उत्तरात 'तुझं पुस्तक' असं लिहावं. मूल बरोबर टिपतं. मराठीचा निबंध लिहायला त्याला जीव नको होत असेल, पण पप्पांना सांगायच्या गोष्टी त्याच्याकडे आहेत.

ट्रंक उघडू नका.

मी ती डोळ्यांसमोर आणू शकते. काळी, पांढऱ्या रंगात वडिलांचा नंबर आणि नाव, कडीला वाकलेला कोयंडा. त्यातली पुस्तकं गावातल्या शाळेत चालत नाहीत हे त्याला तुमच्याइतकंच कळतं. पण केंद्रीय विद्यालयाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे सातवीची सुरुवात त्यानं झाशीत केलीय. कव्हरं घातली, नाव घातलं, वर्ग आणि तुकडी लिहिली. आणि मग सुट्टीत, मित्रांना सांगायच्याही आधी, निघावं लागलं. निरोप झालाच नाही ताई. ती ट्रंक म्हणजे त्याचा राहिलेला निरोप आहे. ती त्याच्या खाटेखाली ठेवा आणि किल्ली त्याच्या हातात द्या. रविवारी झाशीच्या एखाद्या मित्राशी व्हिडिओ कॉल जोडून द्या, तुम्ही तिथून उठून जा. गणिताच्या सरांना मात्र एक सुचवून बघा: त्याच्याकडे एनसीईआरटीचं सातवीचं गणित आहे, पूर्णांकांची नि अपूर्णांकांची त्यातली उदाहरणं वर्गाला द्यायला चांगली आहेत, ते पुस्तक त्याच्याकडून मागवून घ्या. सरांनी मागितलं तर ट्रंक तो स्वतः उघडेल.

पंधरा ऑगस्ट तोंडावर आलाय म्हणून हेही आजच लिहिते. गावच्या शाळेत फौजीचा मुलगा आला की त्याला झेंडावंदनाला भाषण करायला उभं करतात, सगळ्यांना कौतुक असतं म्हणूनच. त्याला विचारल्याशिवाय हे होऊ देऊ नका. मी हे एकदा केलंय. नवी आलेली मुलगी, वडील महिनाभरापूर्वी फील्डला गेलेले, मी तिला भाषण पाठ करून दिलं. 'माझे पप्पा' या शब्दांपाशी ती थांबली. सगळं मैदान टाळ्या वाजवत राहिलं तिला धीर द्यायला, आणि ती मान खाली घालून उभी. ती चूक माझी होती. मी तिला ओळख द्यायला निघाले होते, आणि जे तिला सगळ्यात जास्त दुखत होतं तेच तिची ओळख म्हणून गावासमोर ठेवलं. तुमच्या मुलाची वर्गातली ओळख फुटबॉलवाला, शब्दांची वही वाला, अक्षर चांगलं असलेला, काहीही होऊ दे. फौजीचा मुलगा हे तो स्वतः सांगेल तेव्हा सांगेल.

मित्रांचा मेळावा भरवायच्या फंदातही पडू नका. एक मुलगा पुरे. शाळेच्या वाटेवर घर असलेला कुणीतरी असेलच. त्याच्या आईला तुम्ही लग्न होऊन आल्यापासून ओळखत असाल. दोघांना रोज बरोबर जाऊ द्या. चालताना मुलांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं.

आता तुमचे दोन प्रश्न. पुण्याला जावं का? दार उघडं आहे एवढं मनात धरा आणि दिवाळीपर्यंत त्याला हात लावू नका. केंद्रीय विद्यालयांच्या प्रवेशाच्या नियमांत तुमच्यासारख्यांचा विचार केलेला आहे: वडिलांची बदली जिथे फॅमिली नेता येत नाही अशा ठिकाणी झाली, तर कुटुंब जिथे राहणार तिथल्या केंद्रीय विद्यालयात, केंद्रीय विद्यालयाच्याच दाखल्यावर मुलाला घेतात. पण तुमचा झाशीचा दाखला आता गावच्या शाळेत जमा झालाय. तेव्हा पुण्यातल्या प्राचार्यांना प्रत्यक्ष भेटून, तुमचं प्रकरण बदलीत बसतं की नव्या प्रवेशात, हे आधी लेखी पक्कं करून घ्या. नवा प्रवेश धरला तर वर्गात जागा लागते, मात्र सेनादलातल्यांची मुलं पहिल्या प्राधान्यगटात येतात. सेपरेटेड फॅमिलीसाठीच्या, म्हणजे जवान फील्डला असताना मागे राहणाऱ्या कुटुंबासाठीच्या, क्वार्टरचा अर्ज मिस्टरांनी युनिटमधून आजच करून ठेवला तरी हरकत नाही. तिथे यादी असते, अर्ज केला म्हणजे जावंच लागतं असं नाही. ठरवायचं ते आठवी संपायच्या आत ठरवा. सीबीएसईची, म्हणजे केंद्रीय विद्यालयांच्या बोर्डाची, नोंदणी नववीतच होते, त्यानंतर बोर्ड बदलणं मुलाच्या जिवावर येतं. मिस्टरांना मिळणारा बाल शिक्षण भत्ता शाळा बदलली म्हणून थांबत नाही. जानेवारी २०२४ पासून तो मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे आहे. वर्षाअखेरीला इथल्या मुख्याध्यापकांचा बोनाफाईड दाखला घेऊन मिस्टरांकडे पाठवा.

सैनिक स्कूल साताऱ्याचं असो की दुसरं, संस्था चांगल्या आहेत. साताऱ्याचं तर देशातलं पहिलं, १९६१ चं. पण तिथे प्रवेश सहावीत नाहीतर नववीत, म्हणजे याला आठवीत असताना परीक्षा द्यावी लागेल. तेव्हा त्याला स्वतःला जावंसं वाटलं तर जरूर बसवा. 'सरळ होईल' म्हणून मात्र पाठवू नका. तो वाकडा झालेला नाही. वडील दूर गेलेत त्याच वर्षी आईपासूनही दूर जा, असं त्याला आत्ता सांगू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, अंथरूण ओलं व्हायला लागलं, स्वतःला इजा करू लागला किंवा मी नसतो तर बरं झालं असतं अशा अर्थाचं काही बोलला, तर दिवाळीची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पोटाचं दुखणं रविवारीही असेल तर पोटाचीच तपासणी आधी करून घ्या.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिलेली नाही. झाशीत शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका तुमच्याही सुटल्या. तुमच्या रोजच्या चहाचा वेळ, तुमची हिंदी, तुमचं स्वतःचं घर, सगळं मागे राहिलं. मुलाच्या व्हिडिओ कॉलनंतर तुम्हीही तिथल्या एखादीला फोन लावत जा.

दिवाळीची सुट्टी संपली की मला पुन्हा लिहा. पेन्सिलीतलं नाव शाईत गेलं का, आणि पटात त्याचा नंबर कितवा आला, तेही कळवा.